आजीच्या हातावर काय ठेवावं?

थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीनंतर आपल्या बहुतेकांच्या फ्रिजवर एक यादी चिकटते. मुलांची नावं सर्वांत वर असतात, आणि त्यांना काय हवं हे ती स्वतःच मॉडेल नंबरासकट सांगतात. शिक्षिकेला गिफ्ट कार्ड, शेजाऱ्यांना चॉकलेटचा डबा, ऑफिसातल्या ‘सीक्रेट सँटा’ला वीस डॉलरच्या आतलं काहीतरी. इथवर गाडी सुरळीत धावते. अडते ती शेवटच्या ओळीपाशी: आई, बाबा, आजी, आत्या. विचारलं तर उत्तर ठरलेलं, “मला काय करायचंय आता? आहे तेच खूप आहे.” मग आपण मुकाट्यानं एक स्वेटर घेतो. आधीचे चार कपाटात घडी न मोडता ठेवलेले असतात, त्यांत पाचव्याची भर पडते.

हा प्रश्न फक्त आपल्या घरातला आणि फक्त आजचा नाही. नाताळची भेट वडीलधाऱ्यांपर्यंत कशी पोचली, याला अमेरिकेत मोठा इतिहास आहे, आणि आपल्या सणावारांतल्या देण्याघेण्याला त्याहून मोठा. दोन्ही शेजारी ठेवून पाहिले, तर आजी “काही नको” का म्हणते हे कळतं, आणि तिला काय द्यावं याचाही थोडा अंदाज येतो.

वरून खाली वाहणारं पाणी

आपल्याकडे सणाची भेट वरून खाली येते. दिवाळीत अभ्यंगस्नान झालं, वाकून नमस्कार केला, की आजोबांच्या बंडीच्या खिशातून नाणं बाहेर येई. पाडव्याला आणि भाऊबीजेला ज्याला ओवाळलं त्यानं तबकात ओवाळणी टाकायची. माहेरवाशिणीची ओटी भरते ती आई किंवा काकू. अधिक महिन्यात जावयाला तेहतीस अनारशांचं वाण देते ती सासू. घरात जो मोठा, त्याचा हात देण्यासाठी पुढे येणार, हे गृहीतच धरलेलं.

धाकट्यानं थोरल्याला द्यायची ठळक वस्तू म्हणजे दसऱ्याचं सोनं, आणि ते असतं आपट्याचं पान! त्याला मोल नाही. सोनं द्यायचं, पाया पडायचं आणि आशीर्वाद घ्यायचा. देणं तिथेही थोरल्याकडूनच होतं.

वडीलधाऱ्यांचा सत्कार करण्याचे प्रसंगही होते. साठीला षष्ट्यब्दीपूर्ती, ऐंशी ओलांडली की सहस्रचंद्रदर्शन. मुलं-सुना हौसेनं सारं करत, नवं धोतर, नवं लुगडं येई. पण ह्या सोहळ्यांत अनेक घरांत तुला होई, म्हणजे त्या वृद्धाच्या भारंभार धान्य किंवा गूळ तोलून त्याच्याच हातून दान केलं जाई. सत्कार त्याचा आणि दाताही तोच.

गावाबाहेर पोटासाठी गेलेल्या मुलांनी घरच्या म्हाताऱ्यांना काय पाठवावं हा प्रश्नही आपल्याला नवा नाही. मुंबईत गिरण्या उभ्या राहिल्या आणि कोकणातला, घाटावरचा माणूस तिथे जाऊन राहिला. १८८० साली हिंदुस्थानच्या टपाल खात्यानं मनिऑर्डर सुरू केली आणि गावाकडच्या आईचं महिन्याचं गणित त्या पोस्टमनवर बसलं. मनिऑर्डरच्या फॉर्मवर खाली निरोपापुरती थोडी जागा असे, त्यात खुशाली मावे. पैसे मोजून दिले जात ते आईच्या हातात, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या देखत. अंगठा उठवून ती ते कनवटीला लावी आणि त्यातूनच नातवाच्या हातावर खाऊला काहीतरी ठेवी. पैसे मुलाचे, पण देणारी ती. २०१५ साली ही जुन्या पद्धतीची मनिऑर्डर टपाल खात्यानं बंद केली. तोवर सव्वाशेहून अधिक वर्षं तिनं कितीतरी आयांचा घरातला मान राखला.

अमेरिकेचा नाताळ तरी कुठे असा होता?

आज मॉलमधली गर्दी पाहून वाटतं, की अमेरिकन लोक मेफ्लॉवर जहाजातून भेटवस्तूंचे खोके घेऊनच उतरले असावेत. वस्तुस्थिती उलटी आहे. मॅसॅच्युसेट्सच्या प्यूरिटन लोकांना नाताळ साजरा करणंच मंजूर नव्हतं. १६५९ साली तिथे कायदा झाला, की नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड. तो १६८१ साली उठला, तरी न्यू इंग्लंडमध्ये पुढे कित्येक वर्षं पंचवीस डिसेंबर हा साधा कामाचा दिवस होता. संघराज्य सरकारनं नाताळची सुट्टी कायद्यात आणली ती १८७० साली, अध्यक्ष ग्रँट यांच्या कारकिर्दीत.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला नाताळची भेट म्हणजे मालकानं नोकराला, श्रीमंतानं दारी आलेल्या गरिबाला दिलेलं खाणंपिणं आणि पैसे. तीही वरून खालीच! मग १८२३ साली न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय गावच्या एका वर्तमानपत्रात सांताक्लॉजच्या आगमनाची ती प्रसिद्ध कविता छापून आली. पुढे १८६३ पासून टॉमस नॅस्ट या चित्रकारानं ‘हार्पर्स वीकली’त सांताला त्याचं गोल पोट आणि पांढरी दाढी दिली. भेटींचा ओघ रस्त्यावरून घरात वळला आणि मुलांकडे वाहू लागला. आईवडील देणारे, मुलं घेणारी. दिशा तीच राहिली.

मुलांनी मोठ्यांना काही द्यावं ही कल्पना त्याच काळात हळूहळू रुजली. लुइसा मे अल्कॉटच्या १८६८ सालच्या ‘लिटल विमेन’ची सुरुवातच तशी आहे. चार बहिणी, युद्धाचे दिवस, प्रत्येकीकडे जेमतेम एक डॉलर. त्या स्वतःसाठी काही घ्यायचं सोडून आईसाठी वस्तू घ्यायचं ठरवतात: हातमोजे, सपाता, रुमाल, कलोनची बाटली. आजी-आजोबांसाठी भरतकाम केलेल्या सपाता, विणलेला गळपट्टा, पुस्तकात ठेवायची खूण अशा वस्तू त्या काळी मुली आठवडेच्या आठवडे बसून हातानं करत. वस्तूचं मोल दुकानात ठरलेलं नव्हतं. नातीनं किती संध्याकाळी त्यावर घालवल्या, हे आजोबांना दिसत असे.

विकतच्या वस्तूंनी हे बदललं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भेट देणं इतकं सक्तीचं झालं, की न्यूयॉर्कच्या दुकानांतल्या तुटपुंज्या पगाराच्या मुलींना वरिष्ठांच्या भेटीसाठी वर्गणी भरावी लागे. याविरुद्ध १९१२ साली एलिनॉर बेलमाँट आणि अ‍ॅन मॉर्गन या दोघींच्या पुढाकारानं एक संस्था निघाली: ‘निरुपयोगी भेटी प्रतिबंधक मंडळी’ असं तिचं नाव मराठीत सांगता येईल. माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्टसुद्धा तिचे सभासद झाले. मंडळी फार टिकली नाही. निरुपयोगी भेटी मात्र उत्तम टिकल्या, हे आपापल्या बेसमेंटमध्ये डोकावलं तर कळेल.

१ जानेवारी १९१३ रोजी अमेरिकेत पार्सल पोस्ट सुरू झालं. तोपर्यंत टपालानं चार पौंडांपेक्षा जड पुडकं जात नसे, आता अकरा पौंडांचं जाऊ लागलं. शहरात नोकरीला गेलेल्या मुलाची भेट शेतावरच्या आईला घरपोच मिळू लागली. मुलं दूर आणि म्हातारे एकटे, ही अमेरिकेची आजची ओळख घडत असताना नाताळच्या पार्सलनं एक पूल बांधला. पण पार्सल आलं की मूल आलं असं नव्हे, हेही लोकांना लवकरच कळलं. मातृदिन सुरू करणाऱ्या अ‍ॅना जार्विसबाईंनी तर आयुष्याची उरलेली वर्षं त्या दिवसाच्या बाजाराविरुद्ध भांडण्यात घालवली. आईला हातानं पत्र न लिहिता छापील कार्ड पाठवणाऱ्यांवर त्यांचा विशेष राग होता.

१९१७ सालची एक गंमतही सांगायला हवी. कॅन्सस सिटीतल्या हॉल बंधूंच्या दुकानात नाताळच्या गर्दीत भेटी बांधायचा साधा पातळ कागद संपला. त्यांनी लिफाफ्यांच्या आत लावायचा नक्षीदार फ्रेंच कागद दहा सेंटला एक असा विकायला काढला आणि तोही हातोहात संपला. पुढे ‘हॉलमार्क’ नावानं गाजलेल्या त्या दुकानातून आजच्या रंगीत वेष्टणांची चाल पडली. आपल्या आज्या हा कागद फाडत नाहीत. टेपच्या कडेला नख लावून, तो अलगद सोडवून, घडी करून उशीखाली ठेवतात. नातवंडं हसतात. पण पुढच्या वर्षी कोणाला तरी काही द्यायचं झालं तर उपयोगी पडेल, हा त्यामागचा हिशेब असतो.

टपालातली औषधं

मराठी माणूस आणि अमेरिकन घर यांच्यातल्या मायेच्या देवघेवीची एक फार जुनी गोष्ट आपल्याला ठाऊक आहे, पण या अंगानं आपण तिच्याकडे क्वचित पाहतो. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिसिया कार्पेंटर यांनी १८८० साली एका मिशनरी मासिकात गोपाळराव जोशी यांचं पत्र वाचलं. आपल्या पत्नीला वैद्यकीचं शिक्षण घेता यावं म्हणून त्यांनी ते लिहिलं होतं. कार्पेंटरबाईंनी कधीही न पाहिलेल्या आनंदीबाईंशी पत्रव्यवहार सुरू केला. आनंदीबाई कलकत्त्याला असताना त्यांची प्रकृती ढासळत चालली होती: अशक्तपणा, सततची डोकेदुखी, ताप. ते पत्रातून कळल्यावर बाईंनी अमेरिकेहून औषधं पाठवली. त्यांचा गुण आला नाही, पण भेट कशी निवडावी याचा धडा त्यात आहे. त्यांनी पत्र नीट वाचलं होतं, आणि त्यात जे दुखणं होतं त्यावरची वस्तू पाठवली होती.

४ जून १८८३ रोजी आनंदीबाई न्यूयॉर्कला उतरल्या तेव्हा त्यांना घ्यायला बाई आल्या होत्या. अठराव्या वर्षी एकटीनं आलेल्या त्या मुलीला रोझेलमध्ये घर मिळालं, मावशी मिळाली. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियात त्या डॉक्टर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात गेल्या. त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठवण्यात आल्या, आणि बाईंनी त्या न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी इथे आपल्या घराण्याच्या दफनभूमीत ठेवल्या. तो स्मृतिशिला आजही तिथे आहे. रक्ताचं नातं नसलेल्या मुलीला बाईंनी घरच्या माणसांत जागा दिली. पूर्व किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी आजी-आजोबांना एकदा तरी तिथे न्यावं.

बॅगेतला नाताळ

१९६५ च्या इमिग्रेशन कायद्यानंतर आपले डॉक्टर, इंजिनियर, प्राध्यापक इथे येऊ लागले. खिशात नियमाप्रमाणे मिळालेले मोजके डॉलर आणि मागे आईवडील. ह्या पिढीचा नाताळ झाडाखाली फारसा झाला नाही. तो बॅगेत झाला. मुलांच्या शाळेची सुट्टी डिसेंबरात, म्हणून भारतवारी डिसेंबरात. स्वतः जाणार नसू तर “कोणी जातंय का?” म्हणून फोन फिरवायचे आणि त्या बिचाऱ्याच्या सत्तर पौंडांच्या बॅगेत आपलं दोन पौंडांचं पुडकं घुसवायचं.

त्या पुडक्यांची यादी केली तर आपला छोटा इतिहासच होईल. घडीची छत्री, थर्मास, थंडीचे मोजे, जीवनसत्त्वाच्या गोळ्या, गुडघ्याला चोळायचं मलम. पुढे रक्तातली साखर मोजायचं यंत्र आलं. त्याच्या पट्ट्या संपल्या की यंत्र शोभेचं होई, म्हणून पुढच्या जाणाऱ्याबरोबर पट्ट्या. विजेच्या वस्तूंचा खेळ निराळाच. इथली वीज १२० व्होल्टची, तिथली २३०ची. हौसेनं नेलेलं यंत्र ट्रान्सफॉर्मरच्या धोंड्याशिवाय चालत नसे. नातवाच्या वाढदिवसाची व्हिडिओ कॅसेट पाठवावी, तर इथली एनटीएससी आणि तिकडचे व्हीसीआर पाल पद्धतीचे. पडद्यावर नातवाऐवजी मुंग्या! मग पुण्या-मुंबईत कॅसेट ‘कन्व्हर्ट’ करून देणारा शोधायचा. त्यापेक्षा साधी ऑडिओ कॅसेट बरी. तिच्यात बोबडे बोल, मध्येच आईची दटावणी आणि मागे कुकरची शिट्टी असे, आणि ती कुठल्याही टेपरेकॉर्डरवर वाजे.

या सगळ्यांत आज्यांना सर्वांत जास्त काय आवडत असे? स्वेटर कपाटात जाई, मलमाची ट्यूब पुरवून पुरवून वापरली जाई. पण चॉकलेटं आणि साबणाच्या वड्या चार दिवसांत संपत, आणि त्यातलं आजीच्या वाट्याला काहीच येत नसे. दूधवाल्याच्या मुलाला, वरच्या मजल्यावरच्या वहिनींना, कामाला येणाऱ्या बाईंना, देवळातल्या गुरुजींना. “आमच्या बाळानं अमेरिकेहून आणलंय” असं म्हणत ती वाटत सुटे. आपल्याला वाटे, तिच्यासाठी आणलेलं तिनं उधळलं. खरं तर तिनं ते पुरेपूर उपभोगलं होतं.

१९९१ नंतर भारताची बाजारपेठ उघडली आणि दादरला, डेक्कनला सगळंच मिळू लागलं. ‘फॉरेन’ या शब्दातला दरारा ओसरला. २००३ मध्ये स्काइप आलं, मग व्हॉट्सअ‍ॅप, आणि आवाजाची तहानही रोज भागू लागली. बॅगेत काय न्यावं हा प्रश्न त्यामुळे सुटला नाही, उलट कठीण झाला.

घर बदललं तेव्हा

याच काळात दुसरी गोष्ट घडत होती. १९६५ च्या कायद्यानं अमेरिकन नागरिकांच्या आईवडिलांना संख्येच्या मर्यादेबाहेर ठेवलं होतं. मुलं नागरिक झाली तसे आईवडीलही ग्रीनकार्डावर येऊ लागले. बाळंतपणाला सहा महिन्यांसाठी आलेली आजी डिंकाचे लाडू, शेक-शेगडी, बाळाची मालीश यांत बुडालेली असे. तिच्यावाचून घराचं पान हलत नसे. कायमची राहायला आलेली आजी मात्र वेगळ्याच अडचणीत सापडे. गाडी चालवता येत नाही, मंडई चालत जाण्याजोगी नाही, नातवंडं मोठी होऊन खोलीत दार लावून बसलेली. आणि आयुष्यात प्रथमच हातात स्वतःचा पैसा नाही. भारतातलं पेन्शन तिकडच्या बँकेत. अमेरिकेत म्हाताऱ्यांसाठी सोशल सिक्युरिटी आहे, पण ती इथे नोकरी केलेल्यांची. गरजू वृद्धांसाठी १९७४ पासून मिळणारं एसएसआय हे सरकारी साहाय्य १९९६ च्या कायद्यानं नागरिक नसलेल्या बहुतेक नवागतांना बंद झालं. मुलगा सगळं पुरवतो, कशाला कमी नाही. पण नातवाला गाण्यात बक्षीस मिळालं, शेजारची मुलगी पाया पडली, तर हातावर ठेवायला मुलाकडेच पैसे मागायचे.

ज्या संस्कृतीत मोठ्यांचा हात नेहमी वर, तिथल्या माणसाला हे किती लागत असेल! “मला काही नको” या वाक्यात ही बोच असते. आणखी एक वस्तू घेतली की आणखी एक उपकार अंगावर येतो, आणि तो फेडायला काही जवळ नाही. आपल्या मंडळांत ज्येष्ठांचे कट्टे सुरू झाले, १९८१ साली स्थापन झालेल्या बृहन्महाराष्ट्र मंडळानं ‘उत्तररंग’ हा उपक्रम हाती घेतला, त्यांत या पिढीला आपलं माणूस आणि आपलं काम पुन्हा सापडलं. घरातलं काम मात्र घरच्यांनीच करायचं आहे.

मग द्यावं काय?

इतिहासानं दिलेलं उत्तर साधं आहे: घेणाऱ्याला पुन्हा देणारा करील ती भेट चांगली. नाताळच्या आठवडाभर आधी बँकेतून कोऱ्या करकरीत एक-दोन डॉलरच्या नोटा आणा, रिकामी पाकिटं आणि पेन आजीपाशी ठेवा. नातवंडांची, त्यांच्या मित्रांची, टपाल आणणाऱ्याची नावं तिला देवनागरीत लिहू द्या. सकाळी झाडाखाली सगळ्यांच्या भेटी असतील तशा तिच्याकडून सगळ्यांना भेटी असतील. पैसे कोणाचे, हे मनिऑर्डरच्या काळी कोणी विचारलं नव्हतं, आताही विचारू नये.

आजोबांच्या नावानं इथल्या बँकेत छोटं खातं आणि त्यांच्या खिशात त्यांचं कार्ड, हीसुद्धा भेटच. आजी लाडू करू शकत असेल तर रवा, तूप, बेदाणे आणि सुंदरसे डबे द्या, आणि शिक्षिकेला त्या वर्षी गिफ्ट कार्डाऐवजी तो डबा जाऊ द्या. हात थरथरत असतील तर नातीनं वळावेत आणि आजीनं शेजारी बसून चुका काढाव्यात. चुका काढण्याइतकं सुख दुसरं नाही.

आणि ज्यांच्याकडे देण्यासारखं वस्तुरूप काहीच उरलं नाही, त्यांच्याकडे गोष्टी असतात. २००३ साली न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकात ‘स्टोरीकॉर्प्स’ या संस्थेनं एक लहानशी खोली उभारली. सामान्य माणसांनी आपल्या माणसाला प्रश्न विचारायचे आणि ध्वनिमुद्रण जपून ठेवायचं. २००८ पासून त्यांनी थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे खरेदीच्या झुंबडीच्या दिवशीच, घरच्यांचं ऐकण्याचा दिवस पाळायला सांगितलं. आपल्याला खोलीही नको, खिशातला फोन पुरे. पूर्वी नातवाच्या बोबड्या बोलांची कॅसेट इकडून तिकडे जात असे, आता आजीच्या बोलांची नातवासाठी होऊ दे. तिचं माहेर कुठलं, पहिली साडी कोणी घेतली, मुलगा विमानात बसला त्या रात्री ती काय जेवली, हे प्रश्न नातवंडांनी विचारावेत, मोडक्या मराठीत का होईना. तासभर ती देणारी असेल आणि आपण सगळे घेणारे.

स्वेटरही जरूर घ्या, थंडी आहेच. फक्त तो देताना तिला वाकून नमस्कार करा, आणि तिच्या बटव्यात आपल्या हातावर ठेवायला काहीतरी आहे ना, हे आदल्या रात्रीच पाहून ठेवा.